खुंट्या भाताचा डबा

तीस वर्षं मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवला. पद तांत्रिक अधिकाऱ्याचं. म्हणजे शोधनिबंधावर नाव साहेबांचं आणि अगदी शेवटी 'आभार' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत माझं. याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी आहे, पण ती आता जुनी झाली.

माझं माहेर निरगुडसरचं, सासर बोरी बुद्रुकचं. दोन्हीकडे शेती, आणि दोन्हीकडे माझ्या नोकरीबद्दल एकच प्रश्न: "दिवसभर त्यात डोळं घालून बघती काय?" मी सांगायचे, झाडाच्या पेशीची भिंत. त्यावर कुणी पुढे काही विचारायचं नाही. एकदा मात्र निरगुडसरहून माझे चुलते कांद्याची अख्खी गोणी घेऊन संस्थेच्या फाटकावर हजर झाले. साठवणीच्या चाळीतला कांदा सडायला लागला होता. "ह्यातला कोंचा सडनार ते आदीच बघून सांग," म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, माझ्या यंत्रात मोहरीएवढा तुकडासुद्धा मावत नाही." ते एकदा गोणीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. "मंग एवडं घरावानी मशीन घिऊन तुमी समदी करता काय?" गोणी परत न्यायला ते तयार होईनात. पुढे आठवडाभर आमच्या कॅन्टीनच्या प्रत्येक पदार्थात कांदा होता.

या अंकाच्या संपादकांनी मला असल्याच गमती लिहायला सांगितल्या होत्या. माझ्याकडे त्या पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला एक डबा आठवतो, आणि तो बाजूला सारून बाकीचं लिहिणं जमत नाही. तेव्हा डब्याचंच लिहिते. हसण्यासारखं त्यात फारसं नाही.

आधी धंदा समजून घ्या. झाडाचा तुकडा यंत्रात तसाच ठेवता येत नाही. ताज्या काडीतून ब्लेडनं मिलिमीटरभराचा तुकडा कापायचा आणि लगेच औषधात टाकायचा. आम्ही याला फिक्स करणं म्हणतो. सरळ मराठीत सांगायचं तर पेशीला होती तशी, होती तिथे मारणं. मग दुसऱ्या औषधात तो तुकडा काळा होतो. या दुसऱ्या औषधाची वाफ डोळ्यांना लागली तर डोळ्यांचंही तसंच होतं, म्हणून ते काम काचेच्या पेटीत. मग अल्कोहोलनं तुकड्यातलं पाणी थेंबन्‌थेंब काढायचं, पाण्याच्या जागी राळ भरायची आणि तीन दिवस सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं. राळ दगडासारखी घट्ट होते. तिचे काचेच्या सुरीनं काप काढायचे. या सुऱ्या आम्ही स्वतः काच फोडून करतो. काप इतके पातळ की ते पाण्यावर तरंगले आणि चंदेरी दिसले तर जमले म्हणायचं. तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर ते झेलायचे आणि यंत्रात सोडायचे. यंत्राच्या पोटात हवा नसते. तिथे नमुन्यात पाण्याचा अंश जरी राहिला तरी सगळी मेहनत फुकट. ओलावा हा आमच्या धंद्याचा वैरी. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी वाळवायची, मग बंद करायची आणि वर चिठ्ठी लावायची, ही सवय मला इतकी जडली होती की घरी पापडसुद्धा मी तारीख घालून ठेवायचे.

आणि भिंतीचं म्हणाल तर, भाताच्या काडीत सालीच्या आत ताठ पेशींचं एक कडं असतं. त्यातली पेशी कोवळी असते तेव्हा तिची भिंत अगदी पातळ असते. मग ती आतल्या बाजूनं थर चढवत जाते, एकावर एक. शेवटी आत जागाच उरत नाही आणि पेशी मरते. भिंत तेवढी राहते. भात वाऱ्यात उभं राहतं ते या मेलेल्या पेशींच्या भिंतींच्या जोरावर. हे मी हजार वेळा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते आवडलं आहे.

आता चिंधूभाऊ. चिंधूभाऊ आणि त्यांची बायको ठकूबाई ही जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीतली. दरवर्षी स्वतःचं भात काढून झालं की दोघं आमच्या बोरीच्या मळ्यात कांदालागणीला यायची. एका वर्षी लागण चालू असताना अवकाळी पाऊस आला. सोसाट्याचा वारा सुटला आणि सासऱ्यांची कमरेच्या वर गेलेली ज्वारी तासाभरात आडवी झाली. मी रविवारची घरी होते. आम्ही सगळे बांधावर उभे राहून बघत होतो.

"वैनी, हितं आमचं खुंट्या भात असतं ना, तर पडलं नसतं," चिंधूभाऊ म्हणाले.

"खुंट्या?"

"खुंट रवल्यावानी उभं ऱ्हातं. आमचं खाचर कड्याला लागून हाय. खालनं वारं येतं, लई बेकार. मानूस लवतंय त्यात, पर ते न्हाई लवत. बाकीचं कंचंबी भात लावा, दसऱ्याच्या आत झोपलं म्हनून समजा."

"सगळे तेच लावता?"

"पैलं लावायची. आता समद्यांनी दुकानाचं बी धरलंय. ह्येला दानं कमी येत्यात ना. पर आमच्या खाचरात दुसरं टिकत न्हाई, म्हनून आमच्याच घरात ऱ्हायलंय."

सोमवारी मी हे साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीतून उठलेच. वाऱ्यात न पडणाऱ्या भाताच्या काडीची भिंत कशी घडते हे कोवळ्या काडीपासून पिकेपर्यंत टप्प्याटप्प्यानं बघायचं, हा विषय त्यांच्या डोक्यात फार दिवस होता. "बी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

लागण संपवून दोघं घरी गेल्यावर मी वाडीवर गेले. बी मागायला मला संकोच वाटत होता, पण त्यांच्याकडे त्यात संकोच करण्यासारखं काही नव्हतंच. त्या डोंगरात बी विकत नाहीत आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. रीत एवढीच, की नेणाऱ्यानं पीक आलं की नेलं तेवढं बी आणि वर एक ओंजळ परत आणून द्यायची. एका घरचं बी कुजलं, उंदरांनी नेलं, तरी ते दुसऱ्या घरात, पलीकडच्या वाडीत कुठेतरी असतंच. तिकडून मागून आणायचं. खुंट्या तेवढा आता यांच्याच घरात उरला होता. चिंधूभाऊंनी अधोलीचं माप भरलं, म्हणजे दोनेक किलो, आणि ठकूबाईंनी ते फडक्यात बांधलं.

"वरची ओंजळ इसरू नका," ठकूबाई हसून म्हणाल्या.

"ओंजळ काय, पोतं आणून देईन," मी म्हटलं.

ठकूबाईंबद्दल सांगायला हवं. वाडीत कुणाचाही राब पेरायचा असला, म्हणजे रोपासाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीत बी फेकायचं असलं, की पहिली मूठ त्यांच्या हातची घ्यायचे. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे मानत. सहा-सात घरं त्यांना बोलवायला यायची. अंगानं किरकोळ बाई, चारचौघांत फारसं बोलायच्या नाहीत. पण पेरणीच्या दिवसांत वाडीतून त्या कशा तोऱ्यात चालायच्या ते चिंधूभाऊ नक्कल करून दाखवायचे, तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या पावसाळ्यात संस्थेच्या गच्चीवरच्या जाळीघरात मी दोन मुठी खुंट्या पेरला. काडी धरली तेव्हा काही रोपं कापली, पोटरीत आलं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या पोटात होती, तेव्हा काही, फुलोऱ्यात काही. उरलेली पिकू दिली. कापांचा ढीग झाला. आणि काय भिंती होत्या त्या! थरावर थर, एकसारखे, कुठे फट नाही. मी यंत्रावर बसले होते आणि साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून नुसतं "वा" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदा म्हटलं. मला फार बरं वाटलं. ते लपवायचं कशाला?

पिकलेल्या रोपांचं भात निघालं ते परतीच्या पावसात. दमट होतं. शिवाय मूळ अधोलीतलं जे बी फडक्यात उरलं होतं, त्यात धान्यातलं पाखरू झालेलं मला दिसलं. डोंगरातलं बी, चिंधूभाऊंचं, मला परत द्यायचं होतं. त्याला कीड लागली तर काय तोंड दाखवणार? मी जुनं-नवं सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं. झाकण घट्ट लावलं. आणि राळेचे नमुने ठेवतो त्या ओव्हनमध्ये, सत्तर अंशांवर, तीन दिवस डबा ठेवून दिला.

 शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली, शेतकऱ्याच्या घरात दिलेली, वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. पण निरगुडसरला आमच्याकडे बी दुकानातून पाकिटात यायचं, घरचं बी राखणं मी लहानपणापासून पाहिलंच नव्हतं. आणि तीस वर्षं माझ्या हातात जे जे आलं होतं ते जपण्याचा मला एकच मार्ग ठाऊक होता. दमट बी बंद डब्यात असं तापवलं तर आतला कोंब शिजतो, हे त्या तीन दिवसांत माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. उलट डबा बाहेर काढला तेव्हा एकही पाखरू हलत नव्हतं. मी खूश झाले. डब्यावर नाव, गाव, तारीख लिहिली आणि ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या काचपात्रात तो झाकण सैल करून ठेवून दिला.

लगेच नेऊन द्यायला हवा होता. आज जाते, उद्या जाते करत राहिले. पुढच्या मृगात डोंगरात पाऊस असा कोसळला की चिंधूभाऊंचा राब वाहून गेला. त्यांनी घरचं राहिलेलं सगळं बी पुन्हा पेरलं. तेही कुजलं. मला फोन आला, पण आवाजात घोर नव्हता.

"वैनी, तुमच्याकडलं बी लागंल आता. अजून आठ दिसांत पेरलं तर रोप धरतंय."

"आहे ना," मी म्हटलं, "अगदी जपून ठेवलंय."

रविवारी मी डबा घेऊन आळेफाट्याला उतरले. स्टँडसमोरच्या हॉटेलात चिंधूभाऊ वाट बघत होते. आमच्या मागे ट्रकचं टायर खोलणं चाललं होतं, त्या ठोकाठोकीत त्यांनी डबा उघडला. एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ आवाज झाला.

"लईच खडखडीत वाळवलंय तुमी."

मला ते कौतुक वाटलं. त्यांनी डब्यात हात घालून बी वर-खाली केलं आणि म्हणाले, "ओंजळ बी वर हाय. ठकी हसंल आता." चहाचा कप त्यांनी बशीत न ओतता तसाच घाईनं संपवला आणि जुन्नरच्या गाडीकडे पळाले.

दहा-बारा दिवसांनी फोन.

"वैनी, उगावलं न्हाई."

"थोडंसुद्धा?"

"एक कोंब न्हाई. माती उकरून बघितली. दानं हायेत तसं हायेत."

या ठिकाणी मी जे बोलले ते मला आयुष्यभर पुरेल. मी म्हणाले, "बी चांगलंच होतं हो. पाऊस जास्त झाला असेल, नाहीतर पेरताना काही चुकलं असेल. राब नीट भाजला होता ना?"



"पेरलं तर ठकीनंच. नेहमीवानीच," चिंधूभाऊ म्हणाले. "बघतो."

काचपात्रात मूठभर दाणे मी नमुना म्हणून मागे ठेवले होते. सवयच ती. त्यातले शंभर मोजून ओल्या टिपकागदावर ठेवले. रोज सकाळी बघायची. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं, पण मी दहा दिवस बघत राहिले. एकही दाणा फुटला नाही. मग मला जे येतं ते मी केलं. दाण्याच्या टोकाचा कोंब कापून काढला, फिक्स केला, राळेत घातला, काप काढले आणि यंत्रावर बसले. पेशींच्या भिंती जशाच्या तशा होत्या, रेखीव, पुस्तकात छापाव्यात अशा. भिंतींच्या आत काही धड नव्हतं. सगळं गोठून एकमेकांत मिसळलेलं. उष्णतेनं मेलेल्या पेशी मी अगोदरही पाहिल्या होत्या. ओळखायला मला मिनिटसुद्धा लागलं नाही.

तो श्रावण होता.

फोन करायला हवा होता. मी तो केला नाही. आधी स्वतःला सांगितलं, आता सांगून उपयोग काय, लावणीचे दिवस गेले. मग शोधनिबंधाची शेवटची गडबड होती. साहेबांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपले काप आहेत ना व्यवस्थित?" काप व्यवस्थित होते. राळेचे दोनशेच्या वर ठोकळे, प्रत्येकावर चिठ्ठी. खुंट्या भाताची काडी कोवळी असल्यापासून पिकेपर्यंत आमच्या कपाटात होती, फक्त पेरता येईल असा एक दाणा तिच्यात नव्हता. भाताची वाणं जपणाऱ्या दोन-तीन ठिकाणी मी चौकशी केली. या नावाचं तिथे काही नव्हतं. निबंधात आम्ही वाणाचं नाव आणि जुन्नर तालुका असं लिहिलं, आणि तो छापायला गेला.

भाद्रपदात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या हातून तीस वर्षांत एकही नमुना वाया गेला नाही." टाळ्या झाल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि दोन शब्द बोलायला उभी राहिले तेव्हा मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं नोकरी सुटल्याचं आहे.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मी वाडीवर गेले. वर जाताना जीपमधूनच ते खाचर दिसलं. शेजाऱ्यांकडचं उरलंसुरलं रोप मागून चिंधूभाऊंनी ते लावलं होतं. सगळं भात चिखलात झोपलं होतं, एकाच दिशेनं, आणि पडलेल्या लोंब्यांना तिथल्या तिथे हिरवे कोंब फुटले होते.

चिंधूभाऊ ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांनी नेहमीसारखं "या वैनी" म्हटलं. ठकूबाईंनी पाणी आणून दिलं आणि आत गेल्या. मी वाट चुकल्यासारखी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग मी विचारलं, "ठकूबाई बऱ्या आहेत ना? वाळल्यासारख्या वाटतात."

"काय सांगायचं," ते हळू म्हणाले. "तुमचं बी उगावलं न्हाई तवापासनं हिला कोनी बोलवत न्हाई पेरायला. नाचनीचा राब झाला, हिला बोलावनं न्हाई. आता मसूर टाकायचा हाय, तरी न्हाई. म्हंत्यात हिचा हात गेला."

"असं कोण म्हणतं?"

त्यांनी दोरीचा पीळ सोडला. "मीच म्हनलो पैल्यांदा. तुमी म्हनला ना, बी चांगलं व्हतं. तुमचं काय खोटं असनार? मंग मी घरी यिऊन हिलाच बोललो. समद्यांनी ऐकलं."

मी तेव्हा सांगितलं. ओव्हन, डबा, सत्तर अंश, टिपकागद, सगळं.   ठकूबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

"कवा कळलं तुमाला?" ठकूबाईंनी विचारलं.

"श्रावणात."

त्यांनी बोटं मोजली नाहीत.  "बी मेलं त्ये मेलं. चूक व्हती," त्या म्हणाल्या. "पर समदा श्रावन, भादवा मी हितं तोंड लपवून बसले. पान्याला दुपारचं जायाची, कोनी नसताना. आन तुमाला म्हाईत व्हतं."

 माफ करा असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या चिंधूभाऊंना म्हणाल्या, "बोलवा समद्यांना. ह्यांनी त्यांच्याम्होरं सांगू द्या."

देवळापुढच्या पारावर पंधरा-वीस माणसं जमली. मी उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. ओव्हन म्हणजे काय ते कळेना, तेव्हा मी भट्टी म्हटलं.

"बी भट्टीत घातलं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो."

"कशापाई?"

"टिकावं म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारून हसत होत्या. एवढी शिकलेली बाई, पुण्याची, आणि टिकावं म्हणून बी भट्टीत. मला वाटतं त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग तो म्हातारा म्हणाला, "म्हंजी ठकीचा हात खोटा न्हवता." हसणं थांबलं. काही बायका ठकूबाईंकडे बघून खाली बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "उद्याच्याला ये गं आमचा मसूर टाकायला." ठकूबाईंनी मान हलवली. हो की नाही ते मला समजलं नाही.

चिंधूभाऊंनी मला घरी आणून बसवलं. एका पोरीनं चहा आणून दिला. पारावर लोक अजून बोलत होते, आवाज ओट्यापर्यंत येत होता, पण शब्द कळत नव्हते. मी चहा प्यायले. भिंतीवर भाताच्या निवडलेल्या लोंब्या टांगायची खुंटी होती. ती रिकामी होती. मला वाटत होतं, काही का असेना, बाईवरचा बोल तरी गेला. यायला उशीर झाला, पण आले. असं काहीतरी मी मनात जुळवत होते.

जीप निघायच्या वेळेला ठकूबाई पारावरून आल्या, आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्या घरी आलेलं माणूस रिकाम्या हातानं जात नाही. पिशवीत नाचणी होती. मी पिशवीचं तोंड उघडून पाहिलं, तर ते पीठ होतं. त्यांनी मला कधीच दळलेलं दिलं नव्हतं. द्यायच्या ते निवडलेले दाणे.

"दळून दिलीया," त्या म्हणाल्या. "भाकरी करा."

"दाणे चालले असते," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"दाना आता वाडीच्या भायेर जानार न्हाई."

"माझ्यामुळे? मला देऊ नका, बरोबर आहे. पण पलीकडच्या वाड्यांना..."

"कुनालाच न्हाई. समद्यांनी ठरवलंय."

"कधी?"

"आत्ता," ठकूबाई म्हणाल्या. "तुमी चा पीत व्हता तवा."